निनादपंतांनी मालिकेचा शेवट फोडला त्याची हकिकत

श्री. आधी कुलदेवतेस आणि मागाहून यंत्रातील चहास वंदन करून, घडले तैसे लिहितों. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य अष्टमी, इंदुवासरे. काचेच्या भिंतींचा एक गड, त्याचे धनी सरखेल साहेब; तयांस अवघे सरकार म्हणत. सरकारांस मालिकांचा भारी षोक. दर सोमवारी चहाच्या यंत्रापाशी दरबार भरावा आणि सरकारांनी पाहिलेल्या भागांवर अवघ्यांनी बोलावे, ऐसा शिरस्ता. जो रंगून बोले तयाची रजा मंजूर, बढती मंजूर. आणि जो गप्प राही तयाचा अर्ज पडून राही. कामाचे कोणी पुसत नसे. काम काय, होतच असते.

त्या गडावर ग्राहकांच्या तक्रारी निस्तरावयासी निनादपंत रसाळ म्हणोन एक गृहस्थ होते. तयांची कन्या ईरा सात वर्षांची जाहली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. नाताळच्या सुटीत हर्णैस नेतों, ऐसे पंत दोन वर्षे सांगत आले आणि दोन्ही वर्षे रजा नामंजूर जाहली. यंदा ईरा म्हणाली, "बाबा, तू नुसतंच म्हणतोस." हे पंतांच्या फार जिव्हारी लागले, आणि मग तयांनी मालिका पाहावयाचा निश्चय केला.

मसाल्याच्या कारखान्यावरून भांडणाऱ्या घराण्याची ती मालिका, आणि घरच्या म्हाताऱ्यास कोणी मारिले हे तीतील रहस्य. दुसरा सीझनही त्याच आठवड्यात यावयाचा, म्हणोन अवघा गड घाईवर आला होता. रविवारी दुपारी जेवणे आटोपून पंत मोबाइल घेऊन बैसले. परंतु आठवड्याचा शीण ऐसा कीं तिसऱ्याच भागात डोळा लागला. मालिकेचा धर्म ऐसा कीं पाहणारा निजला तरी ती आपली पुढे जाते. पंत जागे जाहले तो थोरली सून सासऱ्याच्या ताकात विष कालवीत होती. पंतांस वाटले, हा चौथा भाग असावा. तो दहावा होता, आणि तोच शेवटचा.

सोमवारी दरबार भरला आणि सरकार पुसते जाहले, "काय रसाळ, बघताय की नाही?" पंत उल्हासाने वदले, "बघतोय ना सर. थोरल्या सुनेनंच मारलं म्हाताऱ्याला. ताकातून." माणसांच्या नेमणुका पाहणाऱ्या मृणालबाईंनी कप हळूच खाली ठेविला. सरकार पाचव्याच भागात होते.

"कोणी मारलं ते मला स्वतःला शोधायचं होतं हो, रसाळ," इतुकेच सरकार म्हणाले आणि तयांनी डोळ्यांस रुमाल लाविला. मागील साली गडावरील निम्मी माणसे घरी धाडिली तेव्हाही तो खिशातून निघाला नव्हता. मग रुमालाची घडी घालून हुकूम फर्माविला, "आठ दिवस ऑफिसात पाऊल टाकू नका. मला तुम्ही दिसायला नको." मृणालबाईंनी तत्काळ रजा नोंदविली. पंतांनी मान खाली घातली, ती हसू लपवावयासी. हे पाहून बाकीचे मानकरीही पुढे सरसावले. एक म्हणे, "सर, धाकट्याचं लग्न मोडतं," आणि दुजा म्हणे, "कारखाना जळतो, सर." सरकारांनी कानांत इयरफोन घातले आणि केबिनीचे दार लावून घेतिले.

मग पंत कुटुंबासह हर्णैस पावले. ईरा चपला काढून वाळूत उतरली, तो मोबाइलावर सरकारांचा संदेश आला, "ऑफिसात येऊ नका म्हटलं होतं, काम करू नका असं नाही. दहाच्या मीटिंगला तिथूनच जॉइन व्हा." ईरेने बापाचा चेहरा पाहिला आणि पायांची वाळू झटकून परत चपला घालू लागली. तिने रडून गोंधळ केला असता तर पंतांस सोपे गेले असते. मग तयांनी उत्तर लिहिले, "हो सर, येतो. काल दुसरा सीझन आला, तो सगळा बघून झाला. मीटिंगमध्ये बोलूच."

खूण निळी जाहली. क्षणात सरकारांचे उत्तर आले, "नको, नको. सुट्टी मजेत घालवा." त्याउपरी रजेच्या उरल्या दिवसांत गडावरून अक्षर आले नाही. दुसऱ्या सीझनाचा एक भागही पंतांनी पाहिला नव्हता.

येणेप्रमाणे हकिकत जाहली. पंतांस रजा कामाने मिळाली नाही, मालिका पाहून मिळाली नाही, ती निजल्याने मिळाली आणि थापेने टिकली, हे पुढील नोकरमंडळींनी ध्यानी धरावे. ईरेने पाण्यात पाय घातला आणि खारट आहे का हे चाखून पाहिले. बहुत काय लिहिणे.