बापूमास्तरांचा ऐन

आमचे शेजारी बापूमास्तर रोज सकाळी पडवीत बसून घशातून असा काही आवाज काढत की पहिल्या दिवशी माझी आई तांब्याभर पाणी घेऊन धावली.

"काटो अडाकलो काय हो मास्तरानू?"

"काटो न्हय," मास्तर शांतपणे म्हणाले. "ऐन."

ऐन हे अरबी अक्षर. पंचावन्न साली, पेन्शनीत निघाल्यावर, मास्तर इसूफ शिंप्याकडे अरबी शिकू लागले. इसूफभाई बारा वर्षे बसऱ्याला काढून आलेला. ऐन या नावाचा अर्थ डोळा, हे कळल्यावर मास्तरांना दुसरे काही सुचेना. शब्दाच्या सुरुवातीला हा डोळा उघडा असतो, दोन अक्षरांत सापडला की मिटतो, हे ते मासे विकणाऱ्या बाईलाही समजावीत.

"मास्तरानू, डोळो ऱ्हवांदे," ती म्हणे. "मासो घेतास काय?"

देवळातल्या सभेत कोणी पेंगू लागला की मास्तर माझ्या कानाशी लागत. "बघ रे, मधलो ऐन."

पण अक्षर काही घशात बसेना. "बोकडाक जमता ता तुमका जमना नाय!" इसूफभाई वाडीभर ऐकू जाईल असे ओरडे.

शिकण्याचे कारण आम्हां सर्वांना ठाऊक होते. मास्तरांचा मुलगा वसंता बसऱ्याला एका खजूरवाल्याकडे कारकून होता. वर्षभर त्याचे पत्र नव्हते. मग मालकाचा कागद आला, अरबीत. इसूफभाईने तो दोन मिनिटांत वाचला असता. मास्तरांनी त्याला हात लावू दिला नाही.

"माझ्या झिलाचो कागद मी वाचतलंय. ऐन बसांदे."

कागद देवघरात राहिला. तो वाचला जात नव्हता तोवर वसंताच्या बायकोचे, सुमतीवहिनींचे, कुंकू आणि हिरवा चुडा कोणाला काढता येत नव्हता. अशी पाच वर्षे गेली. मी त्याला म्हाताऱ्याचा हट्ट समजून हसत असे.

एकदा इसूफभाईला मी विचारले, मास्तरांना ऐन कधी यायचा? त्याने शिलाईचे मशीन थांबवले.

"मास्तरांक? पयल्याच म्हयन्यात इलो."

त्यानंतर मास्तरांचा आवाज ऐकू आला की मी पुस्तक मिटून नुसता बसत असे.

साठ साली मास्तर गेले. बाराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी माजघरात बसल्या होत्या. कपाळ मोकळे, हात मोकळे.

"कागद वाचून घेतलात?" मी हळूच विचारले.

"वाचूक कित्याक होयो, भावजी? कागद इलो त्याच दिसा माका समाजला." त्या खाली बघत म्हणाल्या. "मामंजींच्या जिवाक लागात, म्हणान कुकू लायत होतंय."

मग त्या रडल्या. पाच वर्षे अडवून धरलेले ते रडणे होते.

बाहेर ओसरीवर बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "सासऱ्यासाठी इतकी रडणारी सून आजकाल खंय गावता गो!"