ब्रूनोच्या कपाळाचं कुंकू

दसऱ्याच्या दुपारी धुडकू हातपाय धुऊन देवापुढं आला आणि पाटाकडे बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाटावर पाना होता, पक्कड होती, हातोडी होती आणि त्यांच्या शेजारी झेंडूच्या फुलाखाली ब्रूनोसाहेबाचा पासपोर्ट होता. फोटोतल्या ब्रूनोच्या कपाळावर ठसठशीत ओलं कुंकू होतं.

“हाई कोन्ही करं?”

“मीच,” त्याची बायको सरलाबाई म्हणाली. “तुमना पाना पुजा, मंग त्या सायेबनं हत्यार का बरं सोडू? तेन्हावरच तेन्हं पोट शे ना!”

यात खोटं काहीच नव्हतं. भेस्तानच्या कापड कारखान्यानं इटलीहून माग आणला, तेव्हा दोन सरकारांच्या व्यापार करारानुसार तो बसवणारा कारागीरही तात्पुरत्या व्हिसावर आला. माग अजून अर्धाच बसला होता आणि व्हिसाची मुदत उद्या संपत होती. ब्रूनो परत गेला तर माग पडून राहणार, आणि माग चालला नाही तर धुडकूला मिळणारी फिटरची कायम नोकरीही गेली. ब्रूनो दोनदा किल्ल्या यंत्रातच विसरला होता, म्हणून मॅनेजरनं पासपोर्ट धुडकूकडे सांभाळायला दिला होता.

धुडकूनं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. ते कपाळावरून नाकावर उतरलं.

“आबा, घासू नका!” त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी वर्षा ओरडली. “पसरतंय ते!”

मग पान वाळवायला त्यानं इस्त्री फिरवली. फोटोवरचं प्लॅस्टिक फुगलं आणि ब्रूनोचा डावा गाल सुजला.

“आते दाढदुखीना पेशंट दिखस,” सरलाबाई म्हणाली.

धुडकूनं इस्त्री बाजूला ठेवली. “उद्या सांगतो, पावसात भिजून असं झालं.”

“आबा, तुम्हाला खोटं जमत नाही. कान लाल होतात तुमचे. खरंच सांगा.”

दुसऱ्या दिवशी परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात धुडकू व्हिसाची मुदत वाढवून घ्यायला ब्रूनोला घेऊन उभा राहिला. ब्रूनोला काही कळत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांकडे बघून हसत होता. तिथल्या साहेबांनी पासपोर्ट उघडला. आधी फोटो पाहिला, मग ब्रूनोला, मग पुन्हा फोटो.

“ये क्या है? पासपोर्ट के साथ छेड़छाड़? अंदर जाओगे, मालूम है?”

धुडकूचे कान आधीच तापले होते. “साहब, दशहरे की पूजा में घरवाली ने रख दिया. बोली, साहब का हथियार यही है.”

“हथियार?” साहेबांनी टेबलावर हात आपटला. “यह सरकारी कागज है! इस पे कोई कुंकू लगाता है? सोलंकी, सिक्का लाओ. पहले इसका केस लिखते हैं.”

शिपाई सोलंकी जागचा हलला नाही.

“बहेरो छे? सिक्का!”

सोलंकीनं कोपऱ्यातल्या टेबलावरून पितळी ताट आणलं. ताटात सरकारी शिक्का होता. त्याच्या दांड्याला नाडाछडीचा लाल दोरा बांधलेला होता, माथ्यावर कुंकू होतं आणि बुडाला अक्षता चिकटल्या होत्या.

“साहेब, काले पूजामां तमे ज तो कह्युं हतुं,” सोलंकी हळूच म्हणाला, “के आपणुं हथियार तो आ ज छे.”

साहेबांनी शिक्क्याकडे पाहिलं, पासपोर्टाकडे पाहिलं. मग अक्षता झटकल्या आणि मुदतवाढीचा शिक्का दाणकन मारला. तरी एक तांदूळ पानावर चपटा होऊन राहिलाच.

“जाओ,” ते म्हणाले. “लेकिन लौटते वक्त एअरपोर्ट पे फोटो से चेहरा मिलाते हैं. वो तुम देख लेना.”

माग दिवाळीनंतर सुरू झाला आणि धुडकू त्याचा फिटर झाला. निघायच्या दिवशी ब्रूनो बॅग घेऊन भेस्तानला धुडकूच्या घरी आला, पासपोर्ट उघडून चेहऱ्याशेजारी धरला आणि सरलाबाईपुढं वाकला. तिनं फोटो बघून कुंकवाचं बोट अगदी तसंच कपाळावरून नाकापर्यंत ओढलं. मग दोन पावलं मागं सरून ताडून पाहिलं.

“आजून जुळत नई,” ती म्हणाली.

ब्रूनोनं निमूटपणे डावा गाल फुगवला.