कॉम्प्युटरला नाही कसं म्हणायचं?

मी अक्षरं गिरवायला बसलो अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि सहासष्टाव्या वर्षी गावच्या कार्यालयातला लिनक्सचा कॉम्प्युटर चालवू लागलो. तेव्हा मला कुणी शिकवायला येऊ नये! मी गावचा उलू-उलू, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा. कुणाच्या शेताला कधी पाणी, ती यादी त्या कॉम्प्युटरात. दुसरीकडे कुठेच नाही. कागद उंदीर खातात, असं मीच सभेत ठणकावलं होतं.

त्या सकाळी कॉम्प्युटर थकल्या रेड्यासारखा पाय ओढत होता. म्हटलं, जुनी कौलं उतरवून पुन्हा बसवतात, तशी सगळी पॅकेजं, म्हणजे आतले प्रोग्रॅम, पुन्हा बसवू. हुकूम दिला. तर तो मध्येच अदबीनं विचारू लागला, तुमची जुनी व्यवस्था काढून माझी नवी लावू का? आता आमच्या जावा बेटावरच्या माणसानं कुणाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा हो म्हटलं.

मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्यानं नाव विचारलं, सांगितलं. पासवर्ड विचारला, दिला. पडदा काळा झाला आणि पुन्हा नाव विचारलं! दारातल्या जावयाला सासूनं दर मिनिटाला "आपण कोण?" म्हणावं, तसं.

इतक्यात बू तुकिनेम, म्हणजे तुकिनेमबाई, आली. एकटी विधवा बाई, नऊ दिवस तिची रोपं कोरडी. दहा वाजता पाट सुटणार, आणि आज पाळी तिची की वरच्या शेतातल्या कार्सोची, हे यादीच सांगणार. "सावकाश होऊ द्या," म्हणत ती ओट्यावर बसली. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

सेमारंग शहरातल्या भाचीला, रेत्नोला, फोन लावला.

"मामा, सगळ्याला हो म्हणालात?"

"विचारत होता बिचारा."

"तो पाहुणा नाही, मामा. बिचारा तर मुळीच नाही."

माझ्या होकारांनी लॉगिनचे जुने नियम बाजूला पडले होते. तिनं तीन बटणं एकदम दाबायला लावून काळा पडदा उघडला आणि एकेक अक्षर सांगत नियम जागेवर आणवले. मग पॅकेजं पुन्हा बसवायला सांगितली. तेच अकरा प्रश्न येणार होते.

"दर वेळी नाही म्हणायचं, मामा. मोठ्यानं."

पहिलं नाही कुजबुजलो. कान तापले. अकरावं इतकं खणखणीत निघालं की ओट्यावरची कोंबडी उडाली. लॉगिन उघडलं. यादीत आजचं नाव: तुकिनेम.

तेवढ्यात लवंगेची सिगारेट ओढत, हसत कार्सो आला. आधी अर्धा तास पाणी त्याला सोडायचं म्हणे.

"नाही."

सिगारेट त्याच्या चपलेवर पडली. चाळीस वर्षांत गावानं माझ्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. पाणी तुकिनेमच्या शेतात गेलं.

दुपारी कार्यालयात कार्सोसकट चार माणसं बसली होती, तेव्हा ती तळलेल्या केळ्यांची ताटली घेऊन आली. आधी माझ्यापुढे धरली. रीतीप्रमाणे मी नको म्हटलं. आमच्याकडे तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं असतं. पण बाई आदरानं दोन पावलं मागे सरकली.

"उलू-उलूंचं नाही म्हणजे नाही," ती सगळ्यांना म्हणाली, आणि ताटली कार्सोपुढे गेली.

कार्सो पहिल्याच शब्दाला हो म्हणाला.