डेव्हलपर पास

हे जग नाशवंत आहे, एवढं ऋषिमुनींना कळलं. ते कशाने नासतं, हे मात्र गोंदियात आमच्या शेजारच्या कटरेकाकांना कळलं. हवेने.

काकांचा फोटो स्टुडिओ होता. तो कधीच बंद झाला. तरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायचं औषध, म्हणजे डेव्हलपर, ते अजून घरी कालवून ठेवतात. तपकिरी बाटलीत, काठोकाठ. बाटली पाण्याच्या माठाशेजारी ओल्या रेतीत पुरलेली. मे महिन्यात काका स्वतः कूलरशिवाय बसतील, पण रेती सुकू देणार नाहीत. औषध चमचाभर कमी झालं की पातळी वर यावी म्हणून बाटलीत काचेचा एक कंचा, म्हणजे गोटी, टाकतात. "हवा घुसली का गेला समज," हे ते अशा आवाजात सांगतात, जणू शत्रू शेजारच्या बालाघाटपर्यंत आलाय.

हा सगळा खटाटोप एका फोटोसाठी. काकांनी जिल्हाभरच्या नवरानवरींचे फोटो काढले. काकूंचा एकही धड काढला नाही. त्यासाठी शेवटचा एक रोल राखून ठेवलेला.

दर रविवारी सकाळी काकू ठेवणीतली साडी नेसून खिडकीपाशी बसतात. काका रिकाम्या कॅमेऱ्याला डोळा लावतात. "मान जराशी इकडं. हसू नोको. बरं, हास." मग रोल भरण्याआधी डेव्हलपरची परीक्षा. रोलच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापून वाटीतल्या औषधात सोडायचा. काही मिनिटांत काळा पडला तर औषध ताजं. मी साक्षीदार. तुकडा काळा पडतो, काका "पास!" म्हणतात, आणि तोवर खिडकीतला उजेड सरकलेला असतो. फोटो पुढच्या रविवारी.

"काका, परीक्षा शनिवारीच उरकून घ्या ना," मी एकदा सुचवलं.

"कालच्या परीक्षेवर आजचा फोटो? तू कालच्या दुधाचा चाय पेतं का?"

पितो, हे सांगायचा धीर झाला नाही.

असं वर्षाच्या वर चाललं. औषध कधी नापास झालं, मोरीत गेलं, नवी पुडी कालवली. मग एका रविवारी काकांनी रोलचं टोक ओढलं, तर मागे फिल्म नव्हतीच. फोटोसाठी ठेवलेला अख्खा रोल परीक्षेतच संपला होता. हातात उरला तेवढा तुकडा त्यांनी वाटीत सोडला. तो पास झाला.

"तुह्या काकूले सांगू नोको," ते पुटपुटले. "नटून बसते बिचारी."

निघताना काकूंनी मला फाटकाशी गाठलं.

"संपला ना रोल?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खिडकीपाशी बसून दिसते मले सारं. तू कायले तोंड पाडून राहिला?"

"मी नवा मागवून देतो, काकू."

"खबरदार! नवा आला का फोटो काढून मोकळे होतील."

पुढच्या रविवारी काकू नवी साडी नेसून बसल्या. काकांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ कॅमेऱ्याला डोळा लावला. मान इकडे झाली, तिकडे झाली. मग त्यांनी वाटीत औषध ओतलं, बाटलीत कंचा टाकला, वाटीत तुकडा सोडला, आणि आम्ही तिघंही वाकून पाहू लागलो.

"पास!" काका म्हणाले.

तुकडा मागच्या रविवारचाच होता. टाकला तेव्हाच काळा होता.