मागच्या खोलीतला परदेश

कराडच्या वनमालाबाई धुमाळांच्या घरातली मागची खोली गेल्या श्रावणापासून परदेशात आहे. बाकीचं घर, म्हणजे ओटा, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी, पूर्वीसारखंच कराडात आहे.

याला कारण एक गाणं. कुठल्याशा थंड देशातून चालणाऱ्या एका साइटवर गाणी मेथीच्या जुडीपेक्षा स्वस्त मिळतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. स्वस्ताईला माणूस भुलतोच, पण खरी ओढ वेगळी होती. इथे ज्या कंपन्या बुडाल्या, ज्या कॅसेटींच्या फिती उंदरांनी कुरतडल्या, त्यांची गाणी तिथे धडधाकट होती. ती तिकडे कशी गेली ते देव जाणे. वनमालाबाईंचे यजमान दिनकरराव एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गात. जन्मात त्यांचं एकच गाणं कॅसेटवर आलं आणि कंपनी पुढची दिवाळी बघायच्या आत बंद पडली. दिनकरराव गेले, मागोमाग घरातली कॅसेटही प्लेअरमध्ये गुंतून गेली. साताऱ्याहून आलेल्या लेकीने, उज्ज्वलाने, ते गाणं त्या साइटवर शोधलं आणि मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उतरवून दिलं.

गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी दिनकररावांनी घेतलेला दम ऐकू येत होता. शेवटी तर वाद्यं थांबल्यावर त्यांनी कुणाला तरी "झालं का?" असं विचारलेलं तसंच राहून गेलं होतं. वनमालाबाई खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या. इतकी वर्षं घरात आवाज नव्हता, तो आला.

साइटच्या तळाशी एक ओळ होती: आमच्या देशात हे कायदेशीर आहे, आपल्या देशातलं आपण पाहून घ्यावं. जिन्यातली 'येथे थुंकू नये' ही पाटी लोक जशी वाचतात, तशी ही ओळ इतरांनी वाचली होती. पण वनमालाबाईंची हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं तरी ऐकायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या सरकारी कचेरीत गेल्या आणि हे चालतं का म्हणून विचारून आल्या.

"आई, झाकली मूठ सव्वा लाखाची! तुला उघडायला कुणी सांगितलं होतं?" उज्ज्वला फोनवर ओरडली.

"पाहून घ्यावं, असं लिहिलं होतं. मी पाहिलं," वनमालाबाई म्हणाल्या.

कचेरीतून साहेब आले. माणूस समजूतदार होता. त्यांनी चहा घेतला, गाणं न ऐकता त्याची चौकशी केली आणि अडचण मांडली. गाणं तिकडे कायदेशीर होतं, इकडे नव्हतं. ते पुसून टाकावं, नाहीतर बाईंनी तिकडे जाऊन ऐकावं. वनमालाबाईंनी गुडघ्यांचं सांगितलं. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग खोलीच पाठवू या. तुम्हाला पॅसेजमधून चालत जाता येईल."

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर चुन्याची रेघ मारली गेली आणि खोली परदेशात गेली. तिथे थंडी फार. वनमालाबाई स्वेटर आणि कानटोपी घालून जाऊ लागल्या. कपाटावर बर्फ साठे, तो केरसुणीने झाडावा लागे. गव्हाची कोठी आणि कैरीच्या लोणच्याची बरणी तिकडेच अडकली, कारण खाण्याचे जिन्नस सीमेपलीकडून आणायला मनाई होती. त्यांनी निमूटपणे दुकानातून नवे गहू आणले. मुक्कामाची परवानगी नव्हती, दिवेलागणीला परत यावं लागे. गाणं मात्र हवं तितकं ऐकता येत होतं, आणि वनमालाबाईंचं बाकी मागणंच नव्हतं.

पॅसेजमध्ये स्टुलावर तपासणीचे कारकून बसत. त्यांचं नाव गोसावी. फलटणचे, बोलायला मऊ. डबा घरून आणत आणि वनमालाबाईंनी दिलेली कोशिंबीर नको-नको म्हणत घेत. जाताना ते एकच प्रश्न विचारत, "जाण्याचं कारण?" वनमालाबाई म्हणत, "ह्यांचा आवाज ऐकायचाय." येताना दुसरा प्रश्न, "तिकडून काय आणलंत?"

"काही नाही हो भाऊ. हात रिकामे आहेत."

"हाताचं नाही विचारत, मावशी. डोक्यात चाल आहे का? गाणं इकडे आणायला बंदी आहे. डोक्यातून आणलं तरी आणणंच झालं."

होती ना! वनमालाबाईंनी खरं ते सांगितलं. गोसाव्यांनी चाल काढून घेतली. दुखलं वगैरे काही नाही. फक्त स्वयंपाकघरात आल्यावर आपले डोळे ओले का आहेत, ते त्यांना कळेना. पण उद्या पुन्हा जायचंच आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. रोज नव्याने ऐकायला मिळतं, हेही एक सुखच म्हणायचं.

घोळ पुढे झाला. एके दिवशी तपासणीत गोसाव्यांना दिनकररावांचा दुसराच आवाज सापडला. "वनू, पाणी तापलंय," असं म्हणणारा.

"हा इथलाच आहे," वनमालाबाई घाईने म्हणाल्या. "लग्नानंतरचा. ह्याच घरातला."

"असेल. पण आवाज तोच आहे, मावशी. हा इथला की तिकडचा, हे मी कशावरून ठरवू? पावती आहे का?"

"नवऱ्याच्या बोलण्याची पावती कोण घेतं, भाऊ?"

"कुणीच घेत नाही," गोसावी खाली बघत म्हणाले. "म्हणूनच तर सगळं जातं."

त्यानंतर रोज थोडं थोडं गेलं. पाणी तापल्याचं गेलं. उज्ज्वला झाली तेव्हा दवाखान्याच्या दारात ते जे म्हणाले ते गेलं. दोघांची भांडणं गेली, आणि भांडण मिटवताना ते हळूच काढत तो आवाजही गेला. वनमालाबाईंना लग्नाचा मांडव आठवे, त्यात दिनकरराव वाकून कानात काहीतरी सांगताहेत हेही दिसे, ओठ हलत, पण पुढे काही नाही. मुक्या माणसाकडे बघावं तसं त्या आपल्याच नवऱ्याकडे बघत बसत.

त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. जायचंच नाही, असं ठरवून त्या काही दिवस पॅसेजकडे फिरकल्या नाहीत. देवपूजा केली, पापड लाटले. पण आता घरात त्यांच्याजवळ आवाज उरला नव्हता. होता तो सगळा तिकडे. न जाऊन राखायचं तरी काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. एका सकाळी त्यांनी पुन्हा कानटोपी घातली.

त्या दिवशी वनमालाबाई अंधारून येईपर्यंत तिकडे होत्या. बाहेर आल्या त्या हसतच. चेहरा नव्या नवरीसारखा झालेला.

"काय आणलंत?" गोसाव्यांनी विचारलं. आवाज, चाल, शब्द, सगळं त्यांनी तपासून आधीच काढून घेतलं होतं. आता हा प्रश्न केवळ रीत म्हणून होता.

नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खोटं बोलायची जीभच नव्हती.

"काही नाही हो. एवढंच वाटतंय की माणसाचा गळा फार गोड होता."

गोसावी म्हणाले, "मावशी, हे मत तुमचं तिकडेच झालंय."

"हो. आत्ताच झालं."

"मग तेही ठेवावं लागेल. कशाला बोललात?" असं म्हणून त्यांनी तेही काढून घेतलं. काम चोख झालं. गळा गोड होता हे गेलं, आणि ओढून काढताना त्याच्या मुळाशी असलेलं, गळा होता, हेही त्याच्याबरोबर निघालं.

सकाळी वनमालाबाई सवयीने स्वेटर घालून पॅसेजमध्ये आल्या.

"जाण्याचं कारण?"

वनमालाबाईंनी आठवून पाहिलं. "काय बरं? रोज तर जाते."

"कालचं कारण कालच्यापुरतं, मावशी. आजचं लागेल. कारणाशिवाय सोडता येत नाही." गोसावी आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "घाई नाही. आठवा."

त्या दुपारपर्यंत उभ्या होत्या. गोसाव्यांनी त्यांना आपलं स्टूल दिलं आणि स्वतःच उज्ज्वलाला फोन केला. उज्ज्वला मिळेल त्या गाडीने निघाली. घरात शिरल्या शिरल्या ती पॅसेजमध्ये आईपुढे खाली बसली.

"कारण मी सांगते, साहेब. लिहून घ्या. तिला नवऱ्याचा आवाज ऐकायचाय."

"ते तुमचं कारण झालं, ताई. जाणाऱ्यानं स्वतः सांगायचं असतं. तुम्हाला जायचं असेल तर तुम्हाला सोडतो," गोसावी म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "पण जाऊ नका. येताना मलाच तपासावं लागेल."

उज्ज्वलाने दाराकडे पाहिलं. बंद दाराखालून गार वारा येत होता. ती उठली नाही. तिने आईचे दोन्ही हात धरले. "आई, तू सांग. तू म्हण, बाबांचं गाणं ऐकायला चाललेय. एवढंच म्हण."

वनमालाबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. पोर प्रवासाने दमली आहे, काहीतरी बरळते आहे, असं त्यांना वाटलं.

"असं खोटं कसं सांगू गं?" त्या म्हणाल्या. "तुझे बाबा आणि गाणं? गुणी माणूस होता, मला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण मुका होता बिचारा. जन्मात एक शब्द बोलला नाही."

मग गोसाव्यांकडे वळून म्हणाल्या, "कारण नाही म्हणून लिहा, भाऊ."