मनगटावरचा पांढरा पट्टा

आमच्या गल्लीतले रंगनाथ अण्णा अक्षय्य तृतीया झाली की मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवतात, ते थेट गणपती विसर्जनानंतर बांधतात. मधल्या महिन्यांत कुणी वेळ विचारली तर म्हणतात, "पेशवाईत कुणाच्या हातात घड्याळ हुतं रं?" कारण साधं आहे. घड्याळाखालची कातडी पांढरी राहते. मंडळाच्या जिवंत देखाव्यात अण्णा वेशीवरचे पहारेकरी होतात, आणि पहारेकऱ्याच्या मनगटावर तो पांढरा पट्टा दिसला तर त्यांच्या मते सगळा इतिहासच बाद.

देखावा आमच्या हडपसर गावठाणातल्या जुन्या वेशीचा. सूर्य मावळल्यावर वेस उघडायची नाही असा हुकूम असतो आणि खुद्द सरदार आला तरी पहारेकरी तो मोडत नाही, एवढीच गोष्ट. संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात, आम्ही फक्त ओठ आणि हात हलवायचे. अण्णांना तेवढंही काम नाही. भाला धरून आठ मिनिटं उभं राहायचं. संध्याकाळभर असे पंधरा खेळ.

आणि गर्दी बघते फक्त त्यांच्याकडे.

मला हे सहन होत नसे. लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेही इतिहास घेऊन. संहिता मी लिहिली होती. वाचनालयात बसून त्या काळचे शब्द शोधले होते. हुकूम वाचून दाखवणारा कुलकर्णीही मीच. आईने एका संध्याकाळी अकरा फोटो काढले. अकराही अण्णांचे. एका फोटोत कडेला माझं कोपर होतं.

"आई, मी कुठंय?"

"तू हलतूस रं सारखा. अण्णा बघ, कसं फोटोसाठीच जन्माला आल्यात."

अण्णा आयुष्यभर एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. "उभं ऱ्हायाला अक्कल लागती," हे त्यांचं आवडतं वाक्य. तालमीत मला विचारायचे, "काय प्रोफेसर, कॉलेजात नुसतं बसायलाच शिकिवत्यात का?" एकदा त्यांच्या नाकावर माशी बसली आणि सरदार चिडून निघून जाईपर्यंत तिथंच राहिली. एका काकूंनी पुतळा समजून त्यांच्या भाल्याला पिशवी अडकवली आणि निवांत नातवाच्या बुटाची नाडी बांधली. अण्णांनी पापणीही हलवली नाही.

सगळ्यात जास्त जळायचो ते एका गोष्टीवर. दरवर्षी एखाद्या संध्याकाळी, मधल्याच कुठल्यातरी खेळात, अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. चेहरा तसाच दगडी, आणि गालावरून धार. लोक म्हणायचे, "काय अभिनय आहे!" मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "धुपाचा धूर गेला." मी घरी आरशापुढे उभा राहून तसं रडायचा प्रयत्न केला. नुसते डोळे चुरचुरले.

घरी अण्णा एकटेच. त्यांच्या पत्नी कधीच वारल्या. एकुलती मुलगी सविताताई सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीनं लग्न करून बिबवेवाडीला गेली, तेव्हा "पुन्हा हा उंबरा चढायचा न्हाय" असं अण्णा सगळ्या गल्लीसमोर म्हणाले होते. ती पुन्हा गल्लीत दिसली नाही. अण्णांचा शब्दही त्यांच्यासारखाच, जागचा हलत नाही.

यंदा तिसऱ्या दिवशी अण्णांचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. आदल्याच संध्याकाळी, टाळ्या ऐकताना, माझ्या मनात आलं होतं की यांचा पाय एकदा तरी लटपटावा. त्यामुळे अध्यक्षांनी "प्रोफेसर, आता तूच उभा ऱ्हा" म्हणून पगडी माझ्या डोक्यावर ठेवली, तेव्हा मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. मी घड्याळ काढलं, मिशा चिकटवल्या. भाला घेतला. कुलकर्ण्याचं काम दुसऱ्याला दिलं.

चौथ्या खेळात एक बाई गर्दीतून वाट काढत अगदी वेशीपाशी आली. सविताताई. आधी हसल्यासारखी झाली. मग तिची नजर भाला धरलेल्या माझ्या हातावर गेली, मनगटावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर. तिचा चेहरा उतरला.

"हे अण्णा न्हाईत," ती पुटपुटली. मग माझ्याकडे बघून, "अण्णा कुठं हायेत? हायेत ना?"

स्पीकरवर सरदार गरजत होता, "उघड वेस!" आयुष्यात पहिल्यांदा सगळी गर्दी माझ्याकडे बघत होती. अजून चार मिनिटं उभं राहायचं होतं.

"घरी आहेत, ताई," मी म्हणालो. "गुडघा सुजलाय फक्त."

पहारेकरी बोलला म्हणून लोक खो-खो हसले. मागून अध्यक्ष ओरडले, "अय प्रोफेसर, हलू नको!"

सविताताईने पदराने डोळे पुसले. "दरवर्षी येते मी इथं. ते बघत्यात, मी बघते. खेळ संपला की जाते. घरी गेले तर दार लावतील. इथं त्यांना हलता येत न्हाय."

मी भाला खाली ठेवला. "आज त्यांना दार लावायलाही उठता येत नाही. तुम्ही जा."

ती गेली. आमचा खेळ पार बुडाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भीत भीत अण्णांकडे गेलो. ते कॉटवर बसले होते, पाय उशीवर.

"हललास म्हणं."

"हो, अण्णा."

"बोललास बी."

"हो."

"म्हंजी वेस उघडलीस की रं तू."

मी मान खाली घातली, तेव्हा त्यांचा हात दिसला. विसर्जनाला अजून आठवडा होता आणि अण्णांच्या मनगटावर घड्याळ होतं.

"किती वाजलं?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, घड्याळ तुमच्याच हातात आहे."

"ते कपाटात पडून हुतं. बरोबर चालतंय का बघ." त्यांनी हात पुढे केला. "पाचला येती म्हणालीय."