सात दहाचा रिपोर्ट

शनिवार, १८ जानेवारी २०२५, सायंकाळचे ७ वाजून १० मिनिटे. निवृत्त मेजर जनरल घोसाळकर यांचा पहिला मिस्ड कॉल माझ्या फोनवर आला. मी फोन उचलला नाही. वहीत नोंद मात्र केली.

मी दुबईत पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नोंद करणे हा माझा व्यवसाय आहे आणि, खरे सांगायचे तर, स्वभावही. त्या शनिवारी सकाळी दोन घटना घडल्या होत्या. माझी रूममेट जेनिफर नवी नोकरी लागून दूर रुवैसला निघून गेली आणि जनरलसाहेबांनी आमच्या मराठी ग्रुपच्या अध्यक्षपदासाठी नाव दिले. दुसरे नाव माझे होते. सायंकाळी आलेला फोन मतांसाठीच असणार, हे अनुमान मी अर्ध्या सेकंदात काढले आणि वहीत रकाना आखला: ‘आचारसंहिता भंग’.

अल मनखूलच्या आमच्या इमारतीत जनरलसाहेब तिसऱ्या मजल्यावर मुलीकडे राहतात. मुलगी आणि जावई दोघेही विमानतळावर पाळीत काम करतात. साहेबांची पाळी एकच. रोज सात वाजून दहा मिनिटांनी ते गॅलरीत उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात, फोन स्पीकरवर टाकतात आणि एका यादीतल्या माणसांना क्रमाने फोन लावतात. आवाज पार्किंगपर्यंत पोहोचतो.

“इम्रान, रिपोर्ट! जेवलास?”

“हो सर.”

“काय?”

“सर, बिर्याणी.”

“सविस्तर! चिकन की मटन? बरोबर कोण होतं?”

“कोणी नाही सर, एकटाच.”

“उद्या शबानाभाभींकडे जायचं. मी सांगून ठेवतो. खलास! नेक्स्ट!”

एखाद्याने फोन उचलला नाही, तर साहेब काठी घेऊन त्याच्या दारात जातात. “न आलेला रिपोर्ट हा रिपोर्ट नसतो,” हे त्यांचे आवडते वाक्य. वैज्ञानिकदृष्ट्या ते निर्दोष आहे: गहाळ नोंद म्हणजे शून्य नव्हे. हे वाक्य माझे असायला हवे होते. त्यांच्याविषयीची माझी पहिली तक्रार हीच.

दुसरी तक्रार मुलांबाबतची. तीन वर्षे मी ग्रुपची सचिव होते. रविवारचा मराठी वर्ग मी घेते, त्यासाठी मी रंगीत तक्ते तयार केले. “बाळांनो, काल काय केलंत?” असे विचारले की उत्तर येते, “नथिंग मच, दीदी.” तीच मुले लिफ्टमध्ये जनरलसाहेब दिसताच टाचा जुळवतात आणि अस्खलित मराठीत सांगतात, “दोन पोळ्या, भेंडी, दही, सर!” माझे तक्ते अजून भिंतीवर आहेत. त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

निवडणुकीसाठी मी चौदा स्लाइड्सचा आराखडा केला. त्यात ग्रंथालय होते, रक्तगट-सूची होती, नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शिका होती. साहेबांनी ग्रुपवर एकच ओळ टाकली: “कुणी एकट्याने जेवणार नाही. इन्शाल्ला.” तिला पहिल्या तासात एकोणसाठ अंगठे मिळाले. माझ्या आराखड्याला चार. त्यातला एक माझा होता.

वसईचे लोपीस अंकल हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळतात. आमचे निवडणूक अधिकारीही तेच. मला म्हणाले, “बाय, तुझं प्रेझेंटेशन एकदम फर्स्टक्लास. पण तो माणूस खिचडी सांगतो ना, तेव्हा साला डोळ्यांत पाणी येतं.”

ती खिचडी ही माझी तिसरी तक्रार, आणि पुराव्यानिशी. खोर फक्कानच्या सहलीत समुद्राकडे पाठ करून साहेब दरवर्षी ती गोष्ट सांगतात. हिमालयातली एक चौकी, उंची अठरा हजार फूट. तरुण कॅप्टन घोसाळकर स्वतः वर चढून गेले, उघड्या पातेल्यात खिचडी रांधली आणि आपल्या पोरांना वाढली. “मऊ, लोण्यासारखी! वाफ चेहऱ्यावर आली आणि पोरं रडली.” ऐकणारेही रडतात. यंदा ऐकताना मी मोबाइलवर गणित केले. त्या उंचीवर पाणी साधारण ब्याऐंशी अंशांवर उकळते. उघड्या पातेल्यातला तांदूळ मध्ये कच्चाच राहणार. लोण्यासारखी खिचडी तिथे अशक्य. शिवाय मागच्या वर्षी चौकी सोळा हजार फुटांवर होती. पर्वत इतक्या वेगाने वाढत नाहीत.

हा मनुष्य तिथे गेलाच नव्हता, अशी माझी खात्री झाली. खात्री झाल्याचा आनंदही झाला. तो लपवणार नाही.

मतदान २२ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, लोपीस अंकलच्या घरी, हॉलमध्ये होते. आदल्या सायंकाळपर्यंत माझ्या रकान्यात पस्तीस मिस्ड कॉल जमले होते. साहेब काठी घेऊन माझ्या दारात मात्र एकदाही आले नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या दारात जायला ते घाबरतात, असा मी त्याचा अर्थ लावला होता. सतरंजीवर माणसे दाटीने बसली होती. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभी राहिले.

“जनरलसाहेब, अठरा हजार फुटांवर पाणी किती अंशांना उकळतं?”

“शंभर,” साहेब म्हणाले. “पाणी आहे ते. दुसरं काय करणार?”

“ब्याऐंशी,” मी म्हणाले. “तुमची खिचडी शिजलीच नसती, सर.”

कोणी तरी हसले. रत्नागिरीच्या शबानाभाभी मोठ्याने म्हणाल्या, “अगो, काय करतंस तू?”

साहेबांनी काठीच्या मुठीकडे पाहिले. मग नेहमीपेक्षा फार हळू बोलले. “ब्याऐंशी. मला ठाऊक नव्हतं. मी वर कधी गेलोच नाही.”

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली.

“मी खाली तळावर होतो, रसद खात्यात. रोज सायंकाळी सात दहाला प्रत्येक चौकीला वायरलेसवर विचारायचं, जेवलात का? वादळात एका चौकीचं उत्तर आलं नाही. वादळात सेट नेहमीच बंद पडायचे. मी रजिस्टरमध्ये ‘सर्व ठीक’ लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. तिसऱ्या दिवशी तुकडी वर पोचली. चौकीत तिघे होते, तिघेही गेलेले. खिचडी... ती मी नंतर रांधली. मनात. दर वर्षी थोडी मऊ होत गेली.”

मग त्यांनी लोपीस अंकलकडे वळून माघार घेतल्याचा रिपोर्ट दिला, सलाम केला आणि ते निघून गेले. मी बिनविरोध निवडून आले. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाची नजर दाराकडे होती. माणूस खोटा ठरला, तरी अख्खा हॉल त्याच्यामागे गेला. आणि मी खरी ठरून सतरंजी गुंडाळत राहिले. हा हेवा मला कोणत्याच आलेखावर मांडता आला नाही.

त्या सायंकाळी सात दहाला गॅलरी रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी इम्रान मला लिफ्टमध्ये भेटला. “मॅडम, अध्यक्ष तुम्ही आहात ना? सरांचा फोन का येत नाही?” मी म्हणाले, बघते.

बुधवारी शबानाभाभी पेढे घेऊन आल्या. अभिनंदन जेमतेम केले. माझ्या उघड्या वहीतला रकाना वाचून त्यांनी चष्मा काढला.

“आचारसंहिता? अगो येडे, मत मागायला तो कशाला फोन करील? त्याच्या यादीत मी नाही, लोपीस नाही. ज्यांच्या घरी दुसरं ताट नाही, तेवढेच आहेत. जेनिफर गेली आणि तुझं नाव चढलं. तू फोन उचलत नव्हतीस तेव्हा रोज मला विचारायचा, ‘सायंटिस्टच्या खिडकीत दिवा आहे का? दारात गेलो तर तिला दबाव वाटेल, इलेक्शन आहे.’ मी ‘आहे’ म्हटलं की मगच जेवायचा.”

एकाच सकाळी दोन घटना घडल्या होत्या. मी चुकीचे कारण निवडले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही असल्या चुकीसाठी मी गुण दिले नसते.

सायंकाळी ७ वाजून १० मिनिटांनी मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“रिपोर्ट, सर,” मी म्हणाले. “अजून जेवले नाही. खिचडी करते आहे.”

पलीकडे घसा खाकरण्याचा आवाज. “सविस्तर.”

“मूग डाळ, तांदूळ, हळद. तूप आहे, लिंबू नाही. आणि तुम्ही, सर?”

एवढा मोठा फौजी अधिकारी, पण हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नसावे.

“मुलीची सेकंड शिफ्ट आहे,” ते म्हणाले. “खुबूसची रोटी आहे. कालची.”

“वर या. लिंबू घेऊन या.”

“उघड्या पातेल्यात करते आहेस?”

“नाही सर. कुकरमध्ये.”

“शाबास, सायंटिस्ट,” ते म्हणाले. गॅलरीचे दार सरकल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. मी तांदूळ आणखी एक वाटी वाढवले, वही ओढली आणि जुना रकाना खोडून नवा आखला.

बुधवार, २६ फेब्रुवारी. सायंकाळचे ७ वाजून ३१ मिनिटे. ताटे: दोन. शिट्ट्या: तीन.